तोफेचं माहेर

"बाई, फक्त चार ओळी लिहून द्या," असं म्हणत साहेबांचा माणूस आमच्या ओट्यावर टेकला, तेव्हा मी सुपात जवस घेऊन निवडत बसले होते. हा माणूस माझाच विद्यार्थी. सातवीत असताना त्याला 'माझा गाव' असा निबंध दिला होता, तर पठ्ठ्यानं तीन वाक्यं लिहिली आणि तिसऱ्यात 'बाकी तुम्हाला माहीतच आहे' म्हणून मोकळा झाला. आता साहेबांच्या मागंपुढं असतो. पांढरी गाडी, पांढरे कपडे, खिशात दोन फोन.

"कशाच्या चार ओळी बे?" मी विचारलं. वर्गात कधी 'बे' म्हणाले नाही, पण निवृत्त झाल्यावर माणसाला थोडी सूट असते.

"तोफाईच्या. साहेब चौथरा बांधायलेत, वर छत, पुढं संगमरवरी पाटी. तोफ म्हंजे काय, शब्द कुठून आला, असलं चार ओळीत लिहा. खाली तुमचं नाव टाकू. तुमच्याइतकं मराठी हाय कुणाचं गावात?"

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. एकतीस वर्षं मराठी शिकवलं, पण माझ्याकडं कुणी शब्द विचारायला आलं असं फारसं झालं नाही. लोक येतात ते जन्मतारखेच्या दाखल्यावर सही मागायला.

तोफाई म्हणजे आमच्या गावची तोफ. आमचं गाव गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या बाजूला. वेशीतून आत आलं की डाव्या हाताला कडुलिंबाचं झाड आहे आणि त्याच्याखाली दोन दगडांवर ही बाई आडवी पडलेली. दीड माणूस लांब, ओतीव लोखंडाची, तोंडात चिमण्यांचं घरटं. कुणाची, कधीची, कुणावर चालली, कुणालाच ठाऊक नाही. निजामाच्या राज्यात कुठल्याशा गढीवरून बैलं जुंपून ओढत आणली आणि इथवर आल्यावर बैलं बसली, म्हणून इथंच राहिली, एवढं जुनी माणसं सांगायची. पोरं तिच्यावर घोडा घोडा खेळतात आणि दुपारी शेळ्या तिच्या सावलीला बसतात.

आणि खंडेनवमीला तिचा दिवस. सगळ्या गावची हत्यारं त्या दिवशी तिच्यापुढं मांडतात. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, उसाचे कोयते, शिंप्याची कात्री, आमच्याकडची मेंढ्या कातरायची कातर, पाथरवटाची छन्नी-हातोडी. घरात शिलाई मशीन असली तर तिची सुई तरी आणून ठेवतात. एकदा हळदीकुंकू वाहिलं की त्या दिवशी कुणी कशाला हात लावायचा नाही. लावला तर ते हत्यार वर्षभर आपल्याच हातावर उलटतं म्हणतात. दसऱ्याला सूर्य वर आला की मग उचलायची, आणि तीही कुणी कशीही नाही. पहिलं हत्यार आमच्या घरानं उचलायचं, मग गावानं. आम्ही मेंढरं राखणारे. गावात आम्हाला दुसरा कसला मान नव्हता, पण तोफाईला जवसाचं तेल चोळायचं आणि दसऱ्याला पहिलं हत्यार उचलायचं, हे दोन मान आमचे. सासऱ्यांकडून ते नवऱ्याकडं आले. नवरा गेला तसे माझ्याकडं आले.

म्हणजे आले असं नुसतं म्हणायचं. मी ते घेतले. नवरा गेल्यावर पहिल्या खंडेनवमीला चार शहाणे ओट्यावर आले, म्हणाले, "विधवा बाईनं तोफाईला तेल लावायचं म्हंजे कसं दिसल?" मी म्हटलं, "मग तुमी लावा. जवस आणा, घाण्यावरनं काढून आणा, उन्हात दोन तास बोटं झिजेपर्यंत चोळा. मी बसते सावलीला आणि कसं दिसतं ते बघते." चौघंही गेले आणि पुन्हा आले नाहीत. तेव्हापासून तेल मीच लावते.

तर त्या चार ओळी. मी दोन दिवस घेतले. शब्दाच्या बाबतीत मी घाई करत नाही, कारण एकदा तोंडघशी पडले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पोरानं विचारलं, "बाई, गोलंदाज शब्द कुठला?" मी ठोकून दिलं, "संस्कृत. गोल म्हणजे चेंडू." रात्री शंका आली. दुसऱ्या दिवशी कोश बघितला तर अंदाज ही फारसी शेपटी निघाली, फेकणारा या अर्थाची. गोलंदाज म्हणजे तोफेचा गोळा डागणारा. क्रिकेटवाल्यांनी तोफखान्यातून उचलून त्याला मैदानावर आणलं. मी वर्गात जाऊन सांगितलं, "काल मी चुकले, तुम्ही वहीत खोडा." बावन्न पोरांनी खोडलं. मास्तरीण चुकते म्हणून पोरं हसली, पण तो शब्द त्यांच्यातला एकजणही विसरला नसेल.

तोफेचं तर कुठं लपवायचंच काही नाही. मूळ शब्द तुर्की, तोप. त्या भाषेत तोप म्हणजे चेंडूही होतो, गोल ते सगळं तोप. तिथून फारसीत गेला, फारसीतून फौजांबरोबर आपल्याकडं आला. हिंदीनं तसाच ठेवला, मराठीनं 'प'चा 'फ' केला. तोफा ओतणारे, डागणारे, त्यांची भाषा, सगळं बरोबरच आलं. तोफखान्यातला खाना फारसी, तोफचीतला ची तुर्की, मशालचीतला असतो तोच. बंदूक अरबी. मूळ ते एका टणक कवचाच्या फळाचं नाव, त्याच्याएवढ्या गोळीला ते पडलं आणि मग गोळी उडवणाऱ्या नळीला. असं वाचत बसलं की मला जेवणाची शुद्ध राहत नाही. लांबच्या मुलखातली पोर सून होऊन आली, इथल्या चुलीवर भाकऱ्या थापू लागली आणि दोन पिढ्यांत तिला कुणी परकी म्हणेना. शब्दांचं तसंच होतं. पण म्हणून तिचं माहेर नव्हतंच असं सांगायचं का?

मी लिहिलं: 'तोफ : दारूच्या स्फोटानं गोळा लांब फेकणारं मोठं लष्करी हत्यार. मूळ शब्द तुर्की, तोप. फारसीमार्गे मराठीत आला आणि इथलाच झाला. या गावात हिला तोफाई म्हणतात आणि दर खंडेनवमीला सर्व गावकरी हिच्यापुढं आपली हत्यारं पूजतात.'

आठ दिवसांनी माझा तो निबंधबहाद्दर परत आला. हातात छापील कागद. "साहेबांनी जरा दुरुस्ती केलीय," म्हणाला आणि माझ्याकडं न बघता लिंबाकडं बघत उभा राहिला. कागदावर होतं: 'तोफ हा शब्द मूळ संस्कृत तप् म्हणजे तापणे या धातूपासून आला असून या अस्त्राचा शोध आपल्याच पूर्वजांनी लावला.' आणि खाली ठळक अक्षरात माझं नाव, पुढं आडनाव, त्याखाली निवृत्त मराठी शिक्षिका.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. दुरुस्ती म्हणे! मी लोकांच्या वह्या तपासल्या, माझी वही तपासणारा हा कोण? त्याच गाडीत बसून मी साहेबांच्या बंगल्यावर गेले.

साहेब आमच्या भागातले मोठे पुढारी. शाळा, कॉलेज, दूधसंघ, सगळीकडं तेच. माणूस गोड बोलतो, हे कबूल करायला हवं. मला बघून खुर्चीतून उठले. "या बाई, या. चहा सांग रे." मी उभीच राहिले.

"साहेब, हे खोटं आहे," मी कागद टेबलावर ठेवला.

"आवं बाई, खोटं-खरं काय त्यात? लोकान्ला आता तुर्की-बिर्की आवडत न्हाई. वातावरण बघावं लागतंय. आपली तोफ, आपला शब्द, झालं."

"तोफ आपलीच आहे. शब्दही आपलाच आहे. पण तो आला कुठून ते विचारलंत ना? मग कुठून आला ते सांगितलं."

"संस्कृतातूनच आला म्हणायला काय जातंय तुमचं?"

आता माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "साहेब, बाहेरून आलेले शब्द काढूनच टाकायचे का? मग काढू. तुम्ही बसलात ती खुर्ची अरबी. उठा. अंगातला सदरा अरबी, पायजमा फारसी, ते आता मी तुमच्या बंगल्यात काढा म्हणत नाही. नाकावरचा चष्मा फारसी. मी आले तो दरवाजा फारसी, तेव्हा मी आता खिडकीतून जाते. तुमचा जिल्हा, तुमचा तालुका, सगळा अरबी. हा कागद आणि त्यावरची शाई, दोन्ही तिकडचे. आणि सगळे तुम्हाला साहेब साहेब करतात, तो साहेब कुठला वाटला? तोही अरबीच. उद्यापासून काय म्हणायचं तुम्हाला?"

मागं चहा घेऊन आलेला मिशीवाला माणूस फिसकन हसला आणि कप हिंदकळले. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं तसा तो कप ठेवून पळाला. साहेब मात्र हसत राहिले. फक्त डोळे हसत नव्हते.

"लई अभ्यास हाय बाई तुमचा," ते म्हणाले. "तुमची लेक आपल्याच शाळेवर हाय नं? चांगली शिकवती म्हणत्यात. नऊ वर्षं झाली व्हय तिला? मान्यतेची फाईल परवाच माझ्या टेबलावर आली. एकदा सही झाली की जन्माची चिंता मिटली पोरीची. दसरा झाला की बघू. तुमी तेवढी नावाखाली सही करून पाठवा." आणि कागद माझ्याकडं सरकवला.

एकाही वाक्यात धमकी नव्हती. पण मला कळायचं ते कळलं. इतका वेळ उभी होते, आता मी स्वतःच एक खुर्ची ओढून बसले.

माझ्या लेकीचं थोडं सांगते. ती साहेबांच्या शाळेत इतिहास शिकवते. नऊ वर्षं तिच्याकडून सगळं काम करून घेतात, पालकसभा, सहल, निवडणुकीच्या याद्या, पण ती कायम नाही. दर जूनमध्ये नवं पत्र, दर मेमध्ये काळजी. तिच्या मागून आलेले, साहेबांच्या नात्यागोत्यातले, कायम होऊन गेले. लेक तालुक्याला सासरी राहते. तिच्या सासरची माणसं वाईट नाहीत, पण सासू दर सणाला विचारते, "झालं का गं कायम?" आणि लेक दर सणाला मान खाली घालून पुरण वाटते. ही मान्यता म्हणजे तिचं सगळं होतं.

मी तिच्यापासून काही लपवलं नाही. रविवारी आली तेव्हा सांगून टाकलं. तिनं कागद वाचला, घडी केली, परत उघडला.

"आई, एवढंच हाय का? एका ओळीपायी?"

"ओळ खोटी आहे."

"असू दे की! गावात ती ओळ वाचणार कोण? शेळ्या? आई, शाळेतल्या भिंतीवर रोज किती खोटं लिहितेत, मी बघून गप बसते. नऊ वर्षं गप बसले मी. माझी लेकरं मोठी व्हायलीत. तुझं काय जातंय गं? तुझी पेन्शन सुरू हाय. तुझा ताठा जातोय, दुसरं काय!"

हे लागलं. कारण त्यात खरं होतं. मी कायम झाले ते दिवस निराळे होते. मी कुणाच्या दारात उभी राहिले नाही, कारण मला राहावं लागलं नाही. जे मला फुकट मिळालं त्याच्या जोरावर मी लेकीला तत्त्वं शिकवत होते. तिनं जाताना डबाही नेला नाही. फाटकापाशी थांबून एवढंच म्हणाली, "तुला शब्दांची माया जास्त, माणसांची कमी." मी दार लावून घेतलं आणि मोठ्यानं रडले. बऱ्याच वर्षांनी रडले.

दुसऱ्या दिवशी मी त्या छापील कागदावर सही करायला बसले. होय, बसले. तोऱ्यानं बोलून आले, पण पोटची पोर आहे. पेन उघडलं. म्हटलं, जाऊ दे, एक ओळ. ती ओळ स्वतःच्या अक्षरात एकदा लिहून बघितली. 'तोफ, तप् धातूपासून.' लिहून होताच माझा हात आपोआप बाजूच्या लाल पेनाकडं गेला. एकतीस वर्षांची सवय. मी त्या ओळीवर फुली मारली, समासात लिहिलं 'चूक, पुन्हा लिहा', आणि मग माझं मलाच हसू आलं आणि रडूही. वर सही हा शब्दसुद्धा अरबी, आणि तिकडं त्याचा अर्थ बरोबर, खरं. मला जमणार नव्हतं. लेक तुटली तरी जमणार नव्हतं, आणि हे कळल्यावर मला स्वतःची भीती वाटली.

मी साहेबांच्या माणसाला फोन केला. "पाटीवर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही लिहा. चौथरा तुमचा, संगमरवर तुमचा. माझं नाव त्याच्याखाली घालायचं नाही. कळलं?"

"व्हय बाई," तो म्हणाला. जरा थांबला. मग पुन्हा म्हणाला, "व्हय बाई, बघतो."

त्याच्या त्या थांबण्याचा अर्थ मला खंडेनवमीला कळला.

लेक मधल्या दिवसांत बोलली नाही. खंडेनवमीला सकाळी मी नेहमीसारखं जवसाचं तेल आणि जुन्या धोतराची फडकी घेऊन गेले. तोफाई आता चौथऱ्यावर चढली होती. वर पत्र्याचं छत, पुढं खुर्च्या, मंडप, स्पीकर. घरट्यातल्या चिमण्या कुठं गेल्या कुणास ठाऊक. मी गुडघ्यावर बसून तेल चोळलं, पार तोंडापासून बुडापर्यंत. गावानं हत्यारं आणून मांडली. पाथरवटानं छन्नी-हातोडी ठेवली आणि माझ्याकडं न बघता घाईनं मागं गेला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पाटी त्यानंच कोरली होती.

साहेबांच्या शाळेची मुलं दोन गाड्या भरून आणली होती, टाळ्या वाजवायला. त्यांच्या रांगेच्या शेवटी माझी लेक उभी, शाळेच्या साडीत. मी हात केला. तिनं मुलांच्या रांगा सरळ केल्या.

साहेब आले, हार झाले, भाषण झालं. पडदा ओढला. टाळ्या. मी चष्मा पुसून वाचलं. तप् धातू, आपले पूर्वज, सगळं जसंच्या तसं. आणि खाली माझं नाव. आडनावासकट. निवृत्त मराठी शिक्षिका.

त्यांनी माझ्या हो-नाहीची वाट बघितलीच नव्हती. साहेबांनी सांगितलं म्हणजे बाई ऐकणारच, असं धरून दगड आधीच कोरून ठेवला होता. मला कळेना हसावं की काय करावं.  समोर गावातली निम्मी माणसं माझे विद्यार्थी, आणि त्यांच्या देखत माझ्या तोंडात एक खोटं वाक्य कायमचं कोंबून ठेवलेलं.

निवेदक म्हणाला, "आता आपल्या बाई दोन शब्द बोलतील." त्यांनी मला बोलावलं, हे त्यांचं दुर्दैव. मी माइक घेतला.

म्हटलं, "ह्या दगडावर जे लिहिलंय ते मी लिहिलेलं न्हाई. मी लिहिलं होतं की तोफ हा शब्द तुर्की हाय, तो लांबून आला आणि आपला झाला. ज्याला ते आवडत न्हाई त्यानं स्वतःच्या नावानं दुसरं लिहावं. माझं नाव खोट्याखाली राहणार न्हाई. आत्ताच्या आत्ता काढलं असतं. पण आज खंडेनवमी हाय. हत्यारं पूजेत हायत, आज उचलायची न्हाईत, आणि हा नियम पाळायचं काम आमच्या घराचं हाय. म्हणून आज गप बसते. उद्या दसरा. सूर्य वर आला की पहिलं हत्यार आमच्या घरानं उचलायचं असतं. उद्या मी छन्नी उचलणार हाय. साहेब, तुमाला एक दिवस दिला. तुमी स्वतः काढलं तर माझे हात वाचतील."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी ओरडलंही नाही. साहेब हसत हात जोडून गाडीत बसले. जाताना त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांना काचेजवळ बोलावून काहीतरी सांगितलं, आणि मुख्याध्यापक मान डोलवत माझ्या लेकीकडं बघत राहिले. तेवढं मी पाहिलं. लेकीनंही पाहिलं. ती मुलांना मोजून गाडीत चढवत होती. माझ्याकडं एकदाही न बघता शेवटी स्वतः चढली आणि गाडी गेली.

तो दिवस मी कसा काढला ते विचारू नका. जेवण गेलं नाही. नियम पाळला याचा अभिमान कमी आणि पोरीचं वाटोळं केलं याचं ओझं जास्त. संध्याकाळी तिला फोन लावला, तिनं उचलला नाही. मी ठरवलं होतं ते करणार होते, पण आता ते करण्यात सुख राहिलं नव्हतं.

दसऱ्याला सूर्य वर आल्यावर निघाले. वाटेतच आवाज ऐकू आला. टक्, टक्, टक्.

वेशीत माणसं जमली होती. दर दसऱ्याला जमतातच, आमच्या घरानं पहिलं हत्यार उचलेपर्यंत कुणाला आपलं नेता येत नाही. पण आज सगळ्यांचे डोळे चौथऱ्याकडं होते. मी वाट काढत पुढं गेले. चौथऱ्यावर माझी लेक बसली होती. पदर खोचलेला, डाव्या हातात छन्नी, उजव्यात हातोडी, समोर संगमरवरी पाटी. पांढरी भुकटी तिच्या केसांत, भुवयांत. सासरहून पहाटेच्या पहिल्या गाडीनं आली असणार.

मी गेले तेव्हा एक म्हातारा तिला म्हणत होता, "पोरी, पयलं हत्यार उचलायचा मान तुज्या आईचा हाय. तू दिल्या घरची. तुला न्हाई चालत."

लेकीनं हातोडी थांबवली नाही. "नाव माझ्या आईचं हाय. आडनाव माझ्या बापाचं हाय. मग मी कोणाची झाले, काका?" ती म्हणाली. "आणि उचलून झालंय. आता कशापायी बोलता?"

 बाजूला पाथरवट उभा होता, उन्हात डोळे बारीक करून तिचा हात बघत. मला बघून पुढं आला. खाली मान घालून म्हणाला, "बाई, मला सांगितलं तसं कोरलं म्या. पर छन्नीला परवाच धार लावून ठेवली व्हती." मग लेकीला म्हणाला, "ताई, तिरपी धरा. उभी धरली तर दगड फुटंल सगळा."

"फुटू द्यायचा न्हाई," लेक म्हणाली. "त्यांचं खोटं तसंच राहू द्या, त्यांच्या दगडावर. आपलं तेवढं काढायचं."

मी तिच्याजवळ बसले. तिच्या बोटाला लागलं होतं, रक्त आणि भुकटी मिसळून चिखल झाला होता. मी म्हटलं, "बाई माझे, दे इकडं. हे माझं काम हाय. तू जा शाळेत. अजून वेळ हाय."

"आज सुट्टी हाय, आई. दसरा हाय," ती म्हणाली. आणि मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "काल गाडीत सातवीतल्या एका पोरीनं विचारलं मला, मॅडम, खरं कुठलं, दगडावरचं का बाईंचं?  मुख्याध्यापक पुढच्या सीटवर. मी म्हणलं, बाईंचं. झालं, तेवढ्यानं झालं सगळं. नऊ वर्षं जपून ठेवलेलं एका शब्दात गेलं. लई हलकं वाटलं गं, आई. खोटं कशाला सांगू, रातभर रडलेही."

 मी पदरानं तिचं बोट पुसलं. तिनं ते सोडवून घेतलं आणि परत छन्नी लावली. माझं नाव गेलं होतं. तिथं आता खडबडीत पांढरा खड्डा होता.

तेवढ्यात साहेबांचा माणूस, माझा निबंधबहाद्दर, गाडीतून उतरला. गर्दीच्या कडेला थांबून त्यानं सगळं बघितलं, फोन कानाला लावला आणि पाठ फिरवून हळू बोलू लागला. दोन मिनिटंही झाली नसतील, लेकीचा फोन वाजायला लागला. तो चौथऱ्यावर माझ्याच बाजूला पडला होता. काचेवर मुख्याध्यापकांचं नाव. सणाच्या दिवशी सकाळी सात वाजता. गावानं ऐकलं, गाव आमच्याकडं बघत राहिलं. मी फोन उचलून तिच्यापुढं धरला. 

तिनं फोनकडं बघितलं, मग पाटीकडं. कपाळावरची भुकटी मनगटानं पुसली.

"वाजू दे," ती म्हणाली आणि हातोडी उचलली. "आडनाव राहिलंय अजून."